तक्रारकाका जिन्याने जातात

मी एकदा ठरवलं की ठरवलं. आमची ही म्हणते, "तुमचं ठरवणं म्हणजे दूध उतू जाणं. उसळायचं तुम्ही आणि ओटा पुसायचा मी." म्हणू दे. तरीही मी ताठ मानेने सांगतो, की त्या सोमवारी सकाळी मी खुर्चीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि आजतागायत माघार घेतलेली नाही. थोडी घेतली आहे, पण ते ओघाने येईलच.

झालं असं, की मी हिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. आता मी काही आळशी माणूस नव्हे. रोज सकाळी पाऊण तास व्यायाम करतो, पंधरा वर्षांत एक खाडा नाही. छाती पुढे काढून डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि उरलेला दिवस?"

"उरलेला दिवस कामात."

"काम उभ्याने की बसून?"

तेवढ्यात हिने बोटं मोजायला सुरुवात केली. "चहाला बसतात. पेपर घेऊन बसतात. गाडीत बसतात. ऑफिसात आठ तास बसतात. परत गाडीत बसतात. घरी आले की 'आज बसून बसून दमलो गं' म्हणतात आणि बसतात."

"झोपायला तरी आडवे होतात ना?" डॉक्टर म्हणाले.

"खुर्चीतच झोपतात. मग मी उठवते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काका, पाऊण तासाचा व्यायाम चांगलाच आहे. तो सोडू नका. पण त्याच्या जिवावर तेरा तास मूर्ती होऊन बसता येत नाही. मधूनमधून उठा, चाला, जिना दिसला की चढा."

ते मला इतकं लागलं नसतं. पण त्याच संध्याकाळी मी मोबाईलवर कीर्तन लावलं. मला कीर्तनाचं वेड आहे. आमचे आवडते बुवा पंच्याहत्तरीचे. तीन तास उभे राहतात, गातात, डोलतात, रंगात आले की चक्क उडी मारतात. आणि पडद्यासमोर मी, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, उशीला टेकलेला, डाव्या पायाला मुंग्या आलेला. मोक्ष दोघांपैकी कोणाला मिळेल ते देव जाणे, पण गुडघे कोणाचे शाबूत आहेत ते दिसतच होतं. मी तिथल्या तिथे शपथ घेतली. यापुढे ऑफिसात टेकायचं नाही, फोन उभ्याने घ्यायचे, निरोप स्वतः चालत जाऊन द्यायचे, आणि लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचं नाही.

आता मंडळी, एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. आमची कंपनी लिफ्ट बनवते.

शपथ घेताना हे मला आठवलंच नाही. बरं, मी तिथे साधासुधा नोकरही नाही. गेली बावीस वर्षं मी तक्रार विभाग सांभाळतो. कोणाची लिफ्ट अडकली, कुरकुरली, दोन मजल्यांच्या मधेच रुसून बसली, की फोन माझ्याकडे. म्हणून मला सगळे तक्रारकाका म्हणतात. आमचं ऑफिस पाचव्या मजल्यावर, बाकीच्या मजल्यांवर भाडेकरू, आणि इमारतीतली लिफ्ट अर्थातच आमच्याच कंपनीची. तिची एकही तक्रार माझ्या वहीत नाही. मालकांनी आठ महिन्यांपूर्वी कारभार लेकीच्या हाती दिला. आम्ही तिला मॅडम म्हणतो. लहानपणी ती माझ्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची, त्यामुळे ती मला नुसतं काका म्हणते. वडिलांचं मत असं, की हे काम पोरीला झेपणार नाही. तिला तिची पहिली मोठी ऑर्डर मिळायच्या बेतात होती. नव्या हॉस्पिटलच्या बारा लिफ्ट. पुढच्या सोमवारी त्यांची माणसं येणार, आमची लिफ्ट बघणार आणि सही करणार.

तर मी जिन्याकडे वळलो.

"काका, लिफ्ट चालू आहे," दारावरचा वॉचमन म्हणाला.

"असू दे. आता मेलो तरी मी त्यात पाय ठेवणार नाही."

"का हो?"

तोवर मी दहा-बारा पायऱ्या चढलो होतो आणि छातीचा भाता सुरू झाला होता. मी नुसता हात हलवला. तुझं तू बघ, मला आता बोलता येत नाही, असं मला म्हणायचं होतं. वॉचमनने बराच वेळ लिफ्टकडे पाहिलं, असं नंतर कळलं.

एकशे दहा पायऱ्या! पाचव्या मजल्यावर पोहोचलो तेव्हा माझा चेहरा बघून टायपिस्ट बाईंनी पंखा माझ्याकडे फिरवला. पण मी बसलो नाही. टेबलावरचा पाण्याचा तांब्या हटवून वाटीएवढा पेला ठेवला, म्हणजे घोटाघोटाला उठावं लागेल. खुर्ची उलटी करून भिंतीला लावली. आमच्या ड्रॉइंगवाल्याला सगळे लंबू म्हणतात. तो म्हणाला, "काका, खुर्चीला शिक्षा केली का?"

"खुर्चीला नाही रे. मला."

मंगळवारी जिन्यात माझ्यामागे पावलं वाजली. बघतो तर टायपिस्ट बाई! बुधवारी लंबू. गुरुवारी आणखी सहा जण. शुक्रवारी सकाळी मी वरून खाली वाकून पाहिलं, तर अख्खं ऑफिस पायरी पायरी चढत येत होतं. माझे डोळे भरून आले हो. मी एका शब्दाने कोणाला सांगितलं नव्हतं, नुसतं करून दाखवलं होतं. बुवांनाही इतक्या लवकर इतके श्रोते मिळाले नसतील.

मी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उभा राहून सगळ्यांना धीर देऊ लागलो. "चला, थांबू नका. देवाने पाय कशाला दिलेत?"

"काका," टायपिस्ट बाई हळूच म्हणाल्या, "हे असं किती दिवस?"

"किती दिवस काय? जन्मभर!"

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

"मॅडमना सांगितलंत का?" लंबूने विचारलं.

"त्यांना कशाला सांगायचं? ज्याला जिवाची काळजी आहे, तो आपणहून जिन्याने येईल."

लंबूने लिफ्टच्या बंद दाराकडे पाहिलं आणि उरलेले दोन मजले पळत चढला. केवढा उत्साह, मी मनात म्हटलं.

मॅडमना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या सगळ्यांच्या आधी येत, सगळ्यांच्या नंतर जात, आणि लिफ्टनेच. आठवडाभर लिफ्ट कशी झटकन येते, याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

सोमवार उजाडला. मी नेहमीप्रमाणे चढत होतो, तर दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून धापा टाकत उभे. बरोबर एक चष्मेवाला माणूस, काखेत फाइल. कोणा भाडेकरूकडे आले असतील असं मला वाटलं. मी पुढे होऊन आजोबांचा हात धरला.

"वा आजोबा! या वयात जिना?"

"इलाज काय," आजोबा म्हणाले. "खाली सगळेच जिन्याने जाताना दिसले. लिफ्ट उघडी, दिवा चालू, आत चिटपाखरू नाही. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, तक्रारकाका जात नाहीत, मग आम्ही कसे जाऊ? हे तक्रारकाका कोण?"

"मीच," मी फुलून म्हणालो.

चष्मेवाल्याने फाइल उघडून पेन काढलं. "तक्रारी तुमच्याकडे येतात?"

"बावीस वर्षं. पूर्वी दिवसभर बसून असायचो. आता विचारू नका, दिवसभरात एकदासुद्धा बसत नाही."

चष्मेवाल्याने ते लिहून घेतलं. इतक्या आस्थेने माझं बोलणं कोणी कधी लिहून घेतलं नव्हतं. मीही मग सुटलो. आजोबांना एकेक पायरी चढवत सांगितलं, की सगळे सुरुवातीला हसले, पण आता अख्ख्या ऑफिसला पटलंय. तुम्हीही घरी जाऊन चार लोकांना सांगा.

"सांगतो की," आजोबा म्हणाले.

पाचव्या मजल्यावर मॅडम हातात फुलं घेऊन लिफ्टच्या दाराशी उभ्या होत्या. आम्ही मागून, जिन्याने उगवलो. त्यांनी आजोबांकडे पाहिलं, मग आजोबांच्या काखेत घातलेल्या माझ्या हाताकडे.

"काका," त्या म्हणाल्या, "हे हॉस्पिटलचे अध्यक्ष आहेत."

मंडळी, मी बसलो नाही. पण बसावंसं फार वाटलं.

आत गेल्यावर चष्मेवाल्याने, म्हणजे हॉस्पिटलच्या इंजिनिअरने, फाइल मिटली. "मॅडम, तुमचा स्वतःचा तक्रारीचा माणूस तुमच्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. आम्ही त्यात पेशंट कसे घालायचे?"

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. टेबलाखाली बसून चित्र काढणाऱ्या पोरीचा पेन्सिलीचं टोक मोडल्यावर व्हायचा, अगदी तसाच. "काका, बसा आणि काय ते नीट सांगा."

"बसत नाही," मी म्हणालो. "पण सांगतो." आणि डॉक्टरांपासून बुवांच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगितलं.

दाराबाहेरून लंबूचा आवाज आला, "म्हणजे लिफ्टला काहीच झालेलं नाही? आठवडाभर माझे पाय तुटले ते उगाच?"

अध्यक्ष हसले, पण इंजिनिअर हसेना. "हे आता सांगताय. आम्ही कशावरून मानायचं?"

अध्यक्षांनी काठी आपटली. "सोपं आहे. या गृहस्थांनी आठ दिवस त्या लिफ्टमध्ये काढायचे. सकाळी दहा ते सहा, वर-खाली. आठव्या दिवशी मी येतो. हे धड चालत बाहेर आले, तर सही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मॅडम सोडून. त्या फुलांकडे बघत होत्या. मला गळ घालायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं, आणि त्यानेच मी विरघळलो.

"काढतो," मी म्हणालो. "पण बसणार नाही!"

वॉचमनने प्रेमाने लिफ्टमध्ये स्टूल आणून ठेवलं. मी त्यावर मनीप्लँटची कुंडी ठेवली आणि फोन कानाला लावून शेजारी उभा राहिलो. पहिल्याच तासात लक्षात आलं, की नुसतं उभं राहणं म्हणजेही उभ्याने बसणंच. म्हणून जागच्या जागी पावलं टाकायला लागलो. डावा, उजवा, डावा, उजवा. लोक आत येत, आधी बिचकत, मग बरोबरीने पाय उचलत. टायपिस्ट बाईंचा ठेका चांगला होता. कानात बुवा, पायांत ताल. तळमजला ते पाचवा मजला म्हणजे एक अभंग पुरा व्हायचा नाही, पण दोन फेऱ्यांत बसायचा.

माझ्या मनगटावर आमच्या लेकीने दिलेलं घड्याळ आहे. पाय हलले आणि उंची वाढली, की ते त्याला जिना समजतं. पहिल्या संध्याकाळी त्याने दाखवलं, 'आज चढलेले मजले : दोनशे दहा.' वर दोन फटाके उडवून अभिनंदनही केलं. मी मुकाट्याने बाही खाली ओढली. पण हिने पाहिलंच.

"दोनशे दहा? अहो, डॉक्टरांना कळवू का?"

"नको. त्यांना उगाच न्यूनगंड यायचा."

चौथ्या दिवशी दुपारी कानातला फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू होते. "तक्रारकाका, तुमच्या लिफ्टमधून दिवसभर धपधप आवाज येतो. आमच्या टेबलावरचे कप हलतात."

बावीस वर्षांत या इमारतीतल्या लिफ्टची ती पहिली तक्रार! मी वही काढली, तारीख टाकली आणि 'आवाजाचे कारण' या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, 'मी.' 'उपाय' या रकान्यात लिहिलं, 'नाही.' पण दुसऱ्या दिवशी घरून रबरी चटई आणली. माघार नव्हे. शेजारधर्म.

आठवा दिवस. साडेदहाला इंजिनिअर लिफ्टमध्ये आला, माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि पाचव्या मजल्याचं बटण दाबलं. पाचवर दार उघडलं. मी धड चालत बाहेर आलो. मॅडम फुलं घेऊन उभ्या होत्या, पण अध्यक्षांचा पत्ता नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मॅडमच्या हातातली फुलं हळूहळू खाली झुकली. आणि जिन्यात काठी वाजली. ठक. ठक. ठक.

"आजोबा! जिन्याने?" मी ओरडलो.

अध्यक्ष घामाघूम, पण चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. "सहा वर्षांत मी स्वतःच्या घराचा वरचा मजला पाहिला नव्हता हो. मला वाटायचं, जिना आपल्यासाठी संपला. तुम्ही त्या दिवशी हात धरून पाचव्या मजल्यापर्यंत चढवलंत. आता रोज चढतो. काल गच्चीवर जाऊन आलो." त्यांनी तिथेच, कठड्यावर फाइल टेकवून सही केली. बारा लिफ्ट. मॅडमनी वडिलांना फोन लावला आणि 'बाबा' एवढंच म्हणून रडायला लागल्या. मग मीही. इंजिनिअरने चष्मा पुसला, पण धूळ होती म्हणाला.

अध्यक्ष जिन्यानेच उतरले. तळमजल्यावर चहा घेत असलेल्या अख्ख्या ऑफिससमोरून, काठी वाजवत, वॉचमनला हात करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या दिमाखात माझ्या जिन्याकडे निघालो, तर जिना गच्च भरलेला.

"काय रे हे?" मी लंबूला विचारलं.

"काका," तो कुजबुजला, "बारा लिफ्ट घेणारा माणूस स्वतः जिन्याने गेला. त्याला काहीतरी कळलंच असेल ना?"

मॅडम वरून वाकून बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लिफ्टकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांची मिळून बोटं मोजून दाखवली. आठ.

आज त्यातला तिसरा दिवस. खुर्चीविरुद्धचं माझं युद्ध अजून सुरूच आहे, हे सर्वांनी लक्षात ठेवावं. हा मजकूर मी लिफ्टमध्येच लिहितो आहे. अक्षर पहिल्या पानावर जरा हललं आहे, कारण पाय चालू होते. या पानावर ते इतकं सुबक कसं, असं कोणी विचारेल. त्याचं कारण एवढंच, की कुंडीतल्या मनीप्लँटला ऊन मिळावं म्हणून मी ती वॉचमनकडे बाहेर ठेवायला दिली आहे, आणि रिकामं स्टूल बरं दिसत नाही.