पांढरं ठरवण्याची रीत

त्या दुपारी बैठकीच्या खोलीत चार माणसं, तीन प्रकारचे उजेड, एक कॅमेरा आणि पांढऱ्या म्हणवणाऱ्या अकरा वस्तू होत्या. माणसांबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

पांढरा हा रंग नाही, तो दावा आहे. आणि दावा तपासल्याशिवाय मान्य करायचा नसतो. आमच्या घरात हे तत्त्व थोरल्या काकांनी आणलं. काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचं वजन प्रमाण वजनाशी ताडायचं आणि हलकं भरलं तर जागच्या जागी जप्त करायचं, यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर हात रिकामे राहू नयेत म्हणून त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला. (हात रिकामे राहिले असते तरी चाललं असतं, असं काकूंचं मत आहे. ते तपासलेलं नाही.)

प्रसंग साधा होता. आत्या, म्हणजे काका आणि बाबांची थोरली बहीण, कायमची लेकीकडे निघाली होती, समुद्रापलीकडे. तिची मागणी एकच होती: तिघा भावंडांचा एक फोटो, पाकिटात मावेल एवढा. तिघांचा याआधीचा फोटो शाळेच्या वयातला आहे आणि त्यात बाबा रडतायत. टॅक्सी साडेचारला येणार होती आणि काम तीनला सुरू झालं. दीड तासात एक फोटो म्हणजे काकांच्या मते घाईचं काम होतं.

मी भौतिकशास्त्राची पदवीधर असल्याने कॅमेऱ्यातला आलेख वाचायची जबाबदारी माझ्याकडे आली. चित्रात अंधार किती आणि उजेड किती, हे तो आलेख सांगतो. बटण दाबायची परवानगी मात्र मला नव्हती, कारण माणसाचा हात हलतो. कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, होता आणि दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढणार होता. त्या दहा सेकंदांत कुणीही भिंगावरून नजर हलवायची नाही, असा नियम होता.

प्रथम एक्सपोजर. कॅमेरा हे स्वभावाने सरकारी यंत्र आहे. समोर काहीही आलं, तरी ते सरासरीने करडंच असणार असं तो गृहीत धरतो आणि त्याप्रमाणे उजेड कमीजास्त करतो. पांढरी मांजर दाखवा, करडी होते. काळी दाखवा, तीही करडी होते. सर्वांना समान न्याय मिळतो, फक्त मांजर ओळखू येत नाही. खिडकी सोफ्याच्या मागे होती, त्यामुळे पहिल्या फोटोत खिडकी उत्तम आली आणि तिच्यापुढे तीन काळे ढीग आले. सोफा फिरवण्यात आला. सोफ्याखाली बाबांची हरवलेली चप्पल सापडली. (एक्सपोजरचा हा फायदा पुस्तकांत दिलेला नाही.)

मग व्हाइट बॅलन्स. खिडकीचा उजेड निळसर, ट्यूबचा हिरवट आणि कोपऱ्यातल्या दिव्याचा पिवळा असतो. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही, कारण डोळे सवयीने सांभाळून घेतात. कॅमेरा कुणालाच सांभाळून घेत नाही, म्हणून काकांना तो आवडतो. त्याला एकदा खरं पांढरं दाखवावं लागतं. बाकीचे रंग तो त्यावरून ठरवतो.

"भिंत दाखव," काका म्हणाले.

"भिंत पांढरी नाहीये, दादा," बाबा म्हणाले. बाबांचं रंगाचं दुकान आहे, घराच्या खालीच. "तो हस्तिदंती आहे. मीच दिलाय तुला."

"डब्यावर पांढरा लिहिलं होतं."

"डब्यावर लिहायला काय जातंय?"

काकांच्या चेहऱ्यावर क्षणभर जुनं खातं जागं झालं. पण वेळ कमी होता, म्हणून त्यांनी ते प्रकरण राखून ठेवलं.

यानंतर उरलेल्या दहा वस्तूंची तपासणी झाली. बाबांच्या अनुभवानुसार पांढऱ्याचे एकतीस प्रकार आहेत आणि गिऱ्हाईक प्रत्येकाला पांढराच म्हणतं. काकांचा सदरा निळीमुळे बाद झाला, कागद पिवळट निघाला, बशी मोतिया निघाली. उशीच्या अभ्र्यावर मतभेद झाला. अखेर बाबांनी आत्याच्या केसांकडे पाहिलं.

"माझ्या डोक्याकडे बघू नका," आत्या म्हणाली. "मोबाइलवर काढा ना. या पोरीकडे आहे की."

"मोबाइल फोटो काढत नाही, ताई. तो अंदाज सांगतो."

"मग तुझ्या त्याच्यावर काढ आणि रंग नंतर कर नीट. करतात म्हणे."

"आधी कमी तोलायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माफी मागायची, तसं झालं हे," काका म्हणाले.

"अरे साहेब, मी आहे तशी येऊ दे की."

"तशीच यावीस म्हणून तर चाललंय."

मला यात तर्कदोष सापडला नाही.

अशा वेळेसाठी काकांकडे एक करडं कार्ड होतं. ते चेहऱ्याजवळ धरायचं, कॅमेऱ्याने त्यावरून रंग ठरवायचे, मग कार्ड बाजूला करून खरा फोटो काढायचा. ते कार्ड चहाच्या कपाखाली सापडलं, मध्यभागी गोल डाग घेऊन. ठेवलं कुणी, याची चौकशी झाली नाही, कारण तो कप काकांचा होता. बाबांनी खाली जाऊन दुकानातल्या नमुन्यांमधला करडा आणला. त्यात हिरव्याची छटा होती. कॅमेऱ्याने ती काढून टाकायला सगळ्या चित्रात तांबडं-निळं ओतलं.

"ताई, तू जांभळी दिसतेयस," बाबा म्हणाले.

"तू काय गोरापान दिसतोयस, छोटू? वांगं दिसतोयस." (बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत.)

चार वाजेपर्यंत एकेचाळीस फोटो झाले. सगळ्यांत आत्या मध्यभागी होती, हनुवटीखाली कुठला ना कुठला करडा तुकडा धरून. काकांनी एकेचाळीसच्या एकेचाळीस तिथल्या तिथे पुसून टाकले. नापास वजन दुकानात ठेवत नाहीत. आज ना उद्या कुणीतरी त्याने तोलतं.

मग बाबांना कल्पना सुचली. दुकानातल्या यंत्रावर थेंब मोजून रंग मिसळता येतो, तर लाल, हिरवा आणि निळा सारखेच असलेला, म्हणजे कुठलीही छटा नसलेला करडा स्वतःच का बनवू नये? काकांनी धाकट्या भावाकडे ज्या आदराने पाहिलं, तो मी याआधी पाहिलेला नव्हता. दोघे मिळून खाली गेले. दोघांचं एकत्र हसणं ऐकू आलं, हेही नोंदवण्यासारखं आहे. वर आत्या मोकळ्या सोफ्यावर एकटीच बसून होती.

"भांडत नाहीयेत ना?" तिने मला विचारलं.

"नाही, मोजतायत."

"मग बराच वेळ लागेल."

पुठ्ठा रंगवून आला, पण ओला रंग चकाकतो आणि चकाकणारा करडा खरा करडा नव्हे. तो हेअर ड्रायरने वाळवायचं काम आत्याला देण्यात आलं, कारण ती नाहीतरी बसलेलीच होती. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर वर येऊन सामान घेऊन गेला. पुठ्ठा वाळला. भावंडं जागेवर बसली, दोन्ही कडांना भाऊ, मध्ये आत्या, तिच्या हातात पुठ्ठा. तेवढ्यात खिडकीवर ढग आला.

"थांबा," काका म्हणाले. "सरकतोय तो."

हॉर्न पुन्हा वाजला.

"येते रे मी," आत्या म्हणाली.

"हलू नकोस, ताई. आलंच ऊन."

"विमान थांबतं का तुझ्या उन्हासाठी?"

"दहा सेकंद फक्त," काकांनी हातातल्या रिमोटचं बटण दाबलं. "सगळ्यांनी भिंगात बघा."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला. नियमाप्रमाणे काका आणि बाबा भिंगात बघत होते. माझी नजर पडद्यावरच्या आलेखावर होती आणि आलेखामागे सोफा दिसत होता. आत्या उठली. तिने पुठ्ठा आपल्या जागी सोफ्याच्या पाठीला टेकवून नीट उभा केला, दोघांच्या डोक्यावरून एकेकदा हात फिरवला आणि चपला घातल्या. दोघांपैकी कुणीही नजर हलवली नाही. ऊन आलं आणि फोटो निघाला.

काकांनी धावत येऊन तो तपासला. "पास," ते म्हणाले.

"ताई कुठंय?" बाबांनी विचारलं.

दहा मिनिटांनी तिचा फोन आला. "झाला का रे फोटो?"

"झाला," काका म्हणाले.

"कसा आलाय?"

काकांनी नोकरीत कधी खोटा दाखला दिला नाही. त्यांनी कॅमेऱ्यातला फोटो पुन्हा एकदा पाहिला. "रंग बरोबर आलेत, ताई."

"मग पाठव. मधली जागा कुणाची ते माहितेय मला."

तो फोटो आता बाबांच्या दुकानात लावलेला आहे. दोन भाऊ ताठ बसलेत आणि मधे एक करडा पुठ्ठा आहे. आतापर्यंत चौदा गिऱ्हाइकांनी त्याबद्दल विचारलं. नऊ जणांना तो करडा घरासाठी हवा होता आणि पाच जणांनी कॅमेरा कुठला ते विचारलं. वाचकांनीही इथपर्यंत येताना भिंतीची छटा, पांढऱ्याचे प्रकार आणि उजेडाचे रंग लक्षपूर्वक समजून घेतले आणि आत्या दिसते कशी, हे एकदाही विचारलं नाही, याबद्दल मी आभारी आहे. अशा प्रश्नांनी मोजमापात अडथळा येतो.

मधल्या जागेचं माप: लाल ११८, हिरवा ११८, निळा ११८.