तिसऱ्या रांगेतला टोपीवाला

थोरलीचा नवरा दुपारी जेवून जरा आडवा झाला तो उठलाच नाही, आणि पाच-सहा दिवसांनी घरातल्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की या माणसाचा धड एकही फोटो नाही.

हे दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असतं तर खपून गेलं असतं. पण या घरातला एकुलता एक मुलगा फोटोग्राफर होता. नुसता फोटोग्राफर नव्हे, व्हायोलिनही वाजवायचा. पोट भरायच्या दोन कला हातात आहेत आणि जेवतो आईच्या ताटात, असं थोरली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना मान मात्र ताठ असायची, कारण दोन कला असलेला मुलगा जावेकडे नव्हता, नणंदेकडे तर नव्हताच.

नवरा बस चालवायचा. डेपोतून निरोप आला, की उद्या चारला विश्रांतीच्या खोलीत सगळे जमणार आहेत, मोठे साहेब दोन शब्द बोलणार आहेत, तेवढा एक फोटो मोठा करून आणा. निरोप आणणाऱ्याने अडचण असेल तर तसंच करू असंही म्हटलं होतं. थोरलीला ते लागलं.

"फोटोची कसली अडचण? आमच्या घरात कारखाना आहे," असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं आणि मुलाला हाक मारली.

मुलाने कॉम्प्युटर उघडला. फोटो निघाले, हजारोंनी निघाले. बापाची टाच निघाली. स्टिअरिंग धरून घट्टे पडलेले तळवे निघाले. बेसिनपाशी वाकलेली पाठ, दोरीवरचा बनियन, चहाची वाफ आणि वाफेमागे एक कान. मुलाचं एक प्रदर्शन ठरत होतं. त्यात घर असणार होतं, पण घरातलं एकही तोंड दिसणार नव्हतं. प्रत्येक फोटोखाली कानाला लावायचं एक यंत्र आणि त्यात त्या फोटोसाठी त्याने वाजवलेली एक धून. चेहरा दाखवला की लोक चेहराच बघत बसतात, माणूस राहून जातो, असं त्याचं म्हणणं. बापाला यातलं अक्षर कळत नसे. पण सुट्टीच्या दिवशी पोरगा सांगेल तिथे पांढरी चादर ताणून उन्हात उभं राहायचं काम त्याने वर्षानुवर्षं केलं. त्या चादरीवरून ऊन परत फिरतं आणि समोरच्या वस्तूवर पडतं म्हणे.

"हे बघ, हे बाबाच," मुलगा म्हणाला.

"ही टाच आहे."

"बाबांची आहे."

"मग साहेबांना सांगते, टाचेसमोर दोन शब्द बोला." थोरलीने खुर्ची पुढे ओढली. "एकदाही त्यांना म्हणाला नाहीस, की जरा इकडे बघा?"

मुलाने टाचेचा फोटो बंद केला. "ते इकडेच बघायचे गं. मीच म्हणायचो, तिकडे बघा."



मग शोधाशोध सुरू झाली. लग्नातला फोटो निघाला. त्यात नवरा मिसरूड न फुटलेला आणि आपल्याच बुटांकडे बघणारा होता. नणंद म्हणाली, या पोराला डेपोत कोण ओळखणार? नोकरीचं ओळखपत्र सापडलं, पण ते वर्षानुवर्षं शर्टाच्या खिशात घामाने भिजून वाळून असं झालं होतं, की नाव दिसत होतं, नंबर दिसत होता आणि चेहऱ्याच्या जागी साबणाचा डाग पडल्यासारखं काहीतरी होतं. दिराने कुठल्याशा बारशाचा फोटो आणला. त्यात नवऱ्याचा अर्धा खांदा होता आणि उरलेल्या जागेत दीर स्वतः होता.

शेवटी ट्रंकेच्या तळातून डेपोचा जुना सामुदायिक फोटो निघाला. वर्षभरात एकही अपघात झाला नाही म्हणून काढलेला. खाकी कपडे, खाकी टोप्या, मिशा, अशी पन्नास-साठ माणसं चार रांगांत, प्रत्येकाचं तोंड मुगाएवढं. हे आपल्याला यांनी स्वतः दाखवलं होतं, तिसऱ्या रांगेत आहेत, हे थोरलीला पक्कं आठवत होतं. चष्मा कपाटात होता. पण नणंद तिच्याहून वयाने मोठी असून बिनचष्म्याने सुईत दोरा ओवायची, आणि घरभर माणसं बसलेली असताना थोरली चष्मा लावणाऱ्यातली नव्हती. तिने बोट ठेवलं. बोट आयुष्यभर भांडी घासून जाड झालेलं. त्याखाली दोन माणसं आरामात झाकली जात होती. बोट उचललं तेव्हा मुलाने त्यातल्या एकावर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि हाच का, असं विचारलं.

"मग कोण? तीस वर्षं संसार कोणी केला, तू का मी?"

मुलगा दुपारभर त्या मुगाएवढ्या तोंडाला चिकटून बसला. आधी मोठं केलं, तर नुसते ठिपके झाले. ठिपके गुळगुळीत केले, तर नाक वर आलं. टोपीच्या सावलीतून डोळे ओढून काढले, मिशी विंचरली, गालावरचा डाग पुसला. बापाचं तोंड आपण बनवतोय, बघत नाही, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्याला उजेड बघायची सवय, कडा बघायची सवय. शिवाय रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेम घरी आली. नणंदेने ती छातीशी धरली आणि जी रडायला लागली ती आवरेना. दादाच समोर बसलाय, आता म्हणेल पाणी दे, असं म्हणाली. दिराला नाक पटलं. शेजारीण म्हणाली, तुमच्या मुलाने तर नुसता जीव घालायचा बाकी ठेवलाय.

थोरलीने बघितलं. तिला कुठेतरी अडखळल्यासारखं झालं. माणूस चांगला होता, मिशी होती, टोपी होती, पण आत काही हललं नाही. मग तिने डोळे मिटून खरा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, आणि तो आलाच नाही. पहाटे जिना उतरणारी पाठ आली. खोकला ऐकू आला. दाराची कडी वाजली. चेहरा काही केल्या येईना. आठवडा झाला नाही तर आपण नवरा विसरलो. हे कुणाला सांगायचं? तिने पदराने काच पुसली आणि म्हणाली, "हुबेहूब आलेत."

डेपोतली खोली भरून गेली होती. टेबलावर फ्रेम, फ्रेमपुढे फुलं. एकेक जण येऊन हात जोडून जात होता. मान खाली घालून हात जोडायचे असतात, त्यामुळे फोटोकडे कोणी नीट बघत नव्हतं, आणि बघितलंच तर ओळखीचंच कोणीतरी आहे असं त्यालाही वाटत होतं. साहेब उठले. ते नवीन होते, त्यांनी थोरलीच्या नवऱ्याला दोनदाच बघितलं असेल. पण बोलणं चांगलं होतं. ते फ्रेमकडे हात करून म्हणाले, की हे शांत डोळे, हा प्रेमळ चेहरा आपल्यातला कोणीही विसरणं शक्य नाही.

त्याच वेळी दारातून कंडक्टर आत आला. बारा वर्षं थोरलीच्या नवऱ्याच्या गाडीवर तोच असायचा. लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी होता, तिथे बातमी कळली आणि तो स्टँडवरून थेट आला होता. त्याने टोपी काढली, हात जोडले, डोळे पुसले आणि फोटोकडे बघितलं. मग पुन्हा डोळे पुसून बघितलं.

तो शेजारी बसलेल्या दिराच्या कानाशी वाकला. "भाऊ, हा मी आहे."

दिराने त्याला दुःख अनावर झालंय असं समजून पाठीवर थोपटलं. पण मागच्या बाकावरच्याने ते ऐकलं होतं. त्याने फोटोकडे बघितलं, कंडक्टरकडे बघितलं, शेजाऱ्याला कोपर मारलं. हळूहळू सगळी खोली एकदा टेबलाकडे आणि एकदा दाराकडे बघायला लागली. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि त्यालाच हुंदका आला. साहेबांच्या हातातला कागद तसाच राहिला. नणंद कंडक्टरकडे अशा रागाने बघत होती, की जणू सकाळपासूनचं तिचं रडणं त्यानेच फसवून घेतलं होतं.

मुलाने मान इतकी खाली घातली, की हनुवटी छातीत रुतली. थोरलीला वाटलं, ही फरशी दुभंगावी. बायकोने नवरा ओळखला नाही, हे आता साठ माणसांना कळलं होतं.

कंडक्टर तिच्यापाशी येऊन खाली बसला. "वहिनी, तुमची चूक नाही. तो माझ्या शेजारीच आहे. पण फोटो काढणाऱ्याने तीन म्हटलं, आणि नेमकी त्याच वेळी त्याने मान वळवली. माझी टोपी वाकडी होती ना, ती सरळ करायला. म्हणून तर मी एवढा चांगला आलोय."

म्हणजे तिथेही चेहरा नव्हताच. तिथेही एक कान होता.

साहेबांचं अर्धं भाषण राहिलं होतं. फ्रेमकडे बघून बोलता येईना, म्हणून ते कंडक्टरकडे बघून बोलले, आणि कंडक्टरने मित्रासाठी ते सगळं हात जोडून, उभ्याने ऐकून घेतलं. जाताना तो घुटमळला. त्याने संकोचत विचारलं, "फ्रेम नेऊ का, वहिनी? आमच्याकडे माझा असा चांगला नाही. पुढेमागे लागेलच."

थोरलीने स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

त्यानंतर मुलगा जो बसला तो बसलाच. प्रदर्शनासाठी ठरवलेली जागा नको म्हणून कळवलं. कॅमेरा पिशवीत गेला, व्हायोलिन पेटीत. थोरली आधी चार दिवस त्याच्यावर मनातून धुमसत होती. मग धुमसणं संपलं आणि त्याच्याकडे बघवेना. बाप गेल्यावर माणूस वाळतो, हा तर मिटत चालला होता.

एका सकाळी तिने पेटी उघडून व्हायोलिन त्याच्या मांडीवर ठेवलं.

"वाजव."

"नको आई."

"वाजव म्हटलं ना. तो माणूस इतकी वर्षं चादर धरून उन्हात उभा राहिला, तो काय तू असा भिंतीला टेकून बसावंस म्हणून?" मग तिने पिशवीतून कॅमेरा काढला. उलटा धरला, सुलटा केला. "आणि इकडे बघ. या घरात आता तोंड न काढलेलं माणूस मला नकोय."

त्याने कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं आणि आईचं मन मोडायला नको म्हणून व्हायोलिन खांद्यावर घेतलं. दोनच सूर वाजले. थोरलीने एक डोळा मिटला, श्वास रोखला आणि पाटा-वरवंटा उचलावा तेवढा जोर लावून बटण दाबलं.

मुलाने कॅमेरा हातात घेतला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "आई, अर्धाच आलोय. नाकाच्या वर काहीच नाही. थांब, हा पुसून टाकतो, दुसरा काढू."

"आण इकडे."

तिने कपाटातून चष्मा आणून लावला. छोट्याशा काचेवर एक मिटलेलं तोंड होतं. खालचा ओठ किंचित आत ओढलेला, हनुवटी जराशी डावीकडे. अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना नवरा नेमकं असंच तोंड करायचा. जेवताना मीठ कमी लागलं आणि बोलायचं नसलं, तरी असंच. तिने डोळे मिटले. चेहरा आला. सगळा आला, कपाळासकट.

काच विझली. "पेटव," ती म्हणाली. त्याने पेटवली. पुन्हा विझली, पुन्हा पेटवायला लावली. तिसऱ्यांदा त्याने स्वतःही वाकून नीट बघितलं. मग तो बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.

फ्रेमवाल्याने फोटो हातात धरून उलटसुलट बघितला. तो म्हणाला, "मावशी, हा वरून कापला गेलाय. पूर्ण असेल तर तो द्या."

"मला लागतो तेवढा आलाय," थोरली म्हणाली. "काच चांगली बसव."