जीवखड्याचं मूळ गाव

शेवंताबाई गेल्याचं पंढरीला मिठागरावर कळलं. साल १९८३. खाडीकाठचं त्यांचं गाव नव्या शहरासाठी नुकतंच संपादित झालं होतं, मसणवट्यासकट. चितेभोवती फिरताना मडकं फोडायला भावकीनं हाताला लागला तो दगड उचलला. तो जीवखडा. दहा दिवस गेलेल्याचा जीव त्यात असतो आणि दहाव्याला तो पाण्यात सोडायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोजणीदार धर्मराजला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं संपादित जमिनीवरचा दगड विनापरवाना हलवला म्हणून पंचनामा केला.

"सायब, बायको हाय ती माझी," पंढरी म्हणाला.

धर्मराज प्रामाणिक माणूस. त्यानं लिहिलं: दगड एक, नातं पत्नी. आणि दगड कचेरीत नेला.

नियम सोपा होता. मूळचा दगड नेता येत नाही, बाहेरून आलेला नेता येतो. पंढरीनं दाखवलं की इथला खडक काळा आणि हा गुलाबी, कुठल्यातरी गलबताच्या तळाशी वजनाला आलेला असणार. धर्मराज म्हणाला, सिद्ध करा. दगड प्रयोगशाळेत गेला. तिथं अर्धा दळला, त्यातले बारीक कण वेचले आणि कणांतल्या युरेनियमचं किती शिसं झालं ते मोजलं. अहवाल आला: वय तीनशे कोटी वर्षं, इथला काळा खडक फक्त साडेसहा कोटींचा. दगड दक्षिणेकडच्या एका प्राचीन भूखंडाचा तुकडा.

पंढरी हरखला. शेवंताचं माहेर जवळच्याच नावड्याचं, इतक्या लांबचं ती कधी बोलली नव्हती.

"बाहेरची ठरली, आता द्या."

"बाहेरची ना? मग मूळ गावचा दाखला आणा."

प्रयोगशाळेनं कळवलं की तो भूखंडही कुठूनतरी सरकत येऊन चिकटलेला आहे. कुठून, ते पाहण्यासाठी उरलेला अर्धा पाठवावा. अर्जदाराची पत्नी नेमकी कोणत्या अर्ध्यात आहे, तेही कळवावं.

दहाव्याला दगडाऐवजी कचेरीची पोचपावती मांडली. तिच्यापुढच्या पिंडाला कावळा ताबडतोब शिवला. धर्मराज म्हणाला, "कावळ्याची हरकत नाही, तुमचीच का?"

मग फाइल वरच्या साहेबांकडे गेली. त्यांनी दोन्ही वयं शेजारी लिहून वजाबाकी केली. दगड आधीचा, जमीन नंतरची. म्हणजे मूळ रहिवासी दगड आणि जमिनीसकट अख्खं गाव त्याच्यावर झालेलं अतिक्रमण. घरोघरी नोटिसा लागल्या.

शेजारची बयाबाई नोटीस चुलीजवळ ठेवत म्हणाली, "जिती असताना उंबऱ्याभायर पाय नाय टाकला हिनं. मेली नि अख्खा गाव हालवला."

काळा खडक गावाच्या वेशीवर थांबत नाही, हे पुढे साहेबांच्या लक्षात आलं. महाराष्ट्राचा बराचसा भाग त्याच्यावरच बसला आहे. सबब, हे वाचणाऱ्यांनीही आपण दगडाच्या आधी आल्याचा पुरावा तीन प्रतींत तयार ठेवावा.

शेवंताबाईला पाण्यात सोडायचं अजून राहिलं आहे.