राणे बाईंची रिकामी लायब्ररी

राणे बाई कव्हर घातल्याशिवाय एकही पुस्तक शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, कडा नीट मुडपलेल्या, आत घट्ट दाबलेल्या. मग ते पुस्तक बोरिवलीला जाऊन आठवड्यात परत येणार असलं तरी. "एवढं कशाला, बाई?" असं मी एकदाच विचारलं होतं.

"पाहुण्याकडे पोराक उघड्या अंगान धाडतंस गो तू?" बाई म्हणाल्या, आणि माझ्याच हातात कात्री दिली.

आमची शाळा चारकोपमधली, मराठी माध्यमाची. मी तिथे सायन्स शिकवते आणि राणे बाई लायब्ररी सांभाळतात. लायब्ररी म्हणजे तळमजल्यावर, पिण्याच्या पाण्याच्या नळांना लागून असलेली एक लांबट खोली. बाई मालवणकडच्या. लग्न होऊन मुंबईला आल्या त्याला जमाना झाला, पण राग आला, लाड आला किंवा घाई झाली की मालवणी बाहेर येते. म्हणजे तशी दिवसभरच येते. शिक्षकांना त्या नावाने हाक मारत नाहीत, विषयाने मारतात. मी 'सायन्स'. पी.टी.चे सर 'शिट्टी'. "ए भूगोल, तुझो नकाशो माझ्या दारातून हलव!" हे वाक्य आमच्या पॅसेजमध्ये रोज ऐकू येतं. मुख्याध्यापिका तेवढ्या 'मोठ्या बाई'.

आणि त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य म्हणजे "कोण म्हणता?" तुम्ही काहीही सांगा, बाईंचा पहिला सवाल हाच. आज फार उकडतंय. कोण म्हणता? डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं ना तुम्हाला? "कोण म्हणता?" अहो, डॉक्टरच म्हणतात. "तेका काय कळता? तेच्या दवाखान्यात वाचूक एक पुस्तक नाय." पुढे बोलायची सोय नाही.

त्यामुळे आसपासच्या पाच शाळांनी मिळून 'ग्रंथसाखळी' काढायची ठरवली, तेव्हा आम्ही सगळे बाईंच्या नावाने धास्तावलो होतो. कल्पना साधी होती. पाचही लायब्रऱ्यांची पुस्तकं एकाच सॉफ्टवेअरवर चढवायची. कुठल्याही शाळेतल्या मुलाने दुसऱ्या शाळेतलं पुस्तक मागावं, आणि दर शुक्रवारी फिरणाऱ्या टेम्पोने ते आणून द्यावं. बोरिवलीची इंग्रजी शाळा त्यातली बडी. तिच्याकडे एसी, कार्पेट, नव्याकोऱ्या इंग्रजी पुस्तकांच्या रांगा. आमच्याकडे मराठी पुस्तकं भरपूर, आणि पंखे दोन, त्यातला एक आवाजापुरता. साखळीने आम्हाला एक कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर दिला. बाई आता "कोण म्हणता?" म्हणून तो स्कॅनर खिडकीतून भिरकावणार, अशी माझी खात्री होती.

झालं उलटंच. बाई साखळीच्या प्रेमात पडल्या. भराभर कॉम्प्युटर शिकल्या, पुस्तकांवर बारकोड चिकटवले, आणि पहिल्याच शुक्रवारी खोकं भरून पुस्तकं पाठवली. सगळ्यांना कव्हरं घालून. बारकोड सगळे कव्हरांच्या आत. बोरिवलीच्या मेहता मिस स्कॅनर घेऊन कॅलेंडरातल्या गणपतीवर लाल उजेड मारत बसल्या आणि शेवटी त्यांनी फोन केला. कव्हर काढून पाठवा, अशी त्यांची नम्र विनंती होती. बाईंनी कव्हर काढलं नाही. ब्लेड घेतलं आणि प्रत्येक कव्हराला बारकोडएवढी चौकोनी खिडकी कापली. "आता काय ता बघ म्हणावा."

त्यांचे फोन तर साखळीभर गाजले. पुस्तक गेलं की दोन दिवसांनी बाईंचा फोन जायचाच. पोचलं का? कोणी नेलं? नाव काय पोराचं? आणि शेवटी, "शेवट कळला का त्याला? विचारा आणि मला सांगा." मेहता मिस बिचाऱ्या गुजराती. त्या आधी वैतागल्या, मग पोरांना खरंच विचारू लागल्या, मग स्वतःच ती मराठी पुस्तकं वाचायला लागल्या. एरवी साखळीत बैठका व्हायच्या, चहा व्हायचा, फोटो व्हायचे. साखळी म्हणून जे काही होतं ते बाईंच्या फोनवर होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणाला राग आला तरी चालेल.

तर अशी छान गाडी चालली असताना साखळीचे संयोजक देसाई सर 'हब' घेऊन आले. हब म्हणजे पाचही शाळांची पुस्तकं बोरिवलीच्या त्या एसी हॉलमध्ये एकत्र ठेवायची. बाकीच्या चार शाळांत पॅसेजमध्ये एकेक स्क्रीन बसणार. मुलाने स्क्रीनवर बोट लावायचं, की पुस्तक शुक्रवारी हजर. मग लायब्ररीच्या खोल्या मोकळ्या. आमच्या खोलीत ॲडमिशन ऑफिस होणार होतं. मोठ्या बाईंना वर्षानुवर्षं जागेची चणचण; त्यांनी मान डोलावली. दिवाळीच्या सुट्टीत टेम्पो येऊन पुस्तकं नेणार, असं ठरलंसुद्धा.

हे सांगायला देसाई सर आमच्या लायब्ररीतच आले होते. "बाई, पुस्तकं कुठेही असली तरी मुलांना एका बोटावर मिळणार. मुलांचं काहीच नुकसान नाही."

"कोण म्हणता?" बाईंनी विचारलं.

"मी म्हणतो ना."

"सर, आमचं पोर पुस्तक मागायला येत नाही हो. ते पाणी प्यायला येतं." बाई चक्क शुद्ध मराठीत बोलत होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "पाणी पिताना आत डोकावतं. डोकावलं की मी ओरडते, ये आत, पंख्याखाली बस. बसलं की हाताला काहीतरी लागतं. त्याला काय हवंय ते त्याला आधी ठाऊकच नसतं. स्क्रीनवर काय नाव घालील ते?"

देसाई सर हसले. "मुद्दा भावनिक आहे, बाई. नोंद घेतो."

नोंद घेतो! मला इतका संताप आला की हातातली उत्तरपत्रिकांची चळत टेबलावर आपटावीशी वाटली. बाई मात्र शांत होत्या. सर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि साखळीची नियमावली कॉम्प्युटरवर उघडून दाखवली. सुट्टीसाठी दिलेलं पुस्तक शाळा उघडेपर्यंत मुलाकडेच राहील. तोवर कोणतीही शाळा ते मागवू शकणार नाही. एका मुलाला किती पुस्तकं द्यायची, ते ज्या त्या शाळेने ठरवावं. खाली सही देसाई सरांची.

"सायन्स," बाई म्हणाल्या, "सगळी देऊन टाकूया."

सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी मुलांना निरोप गेला, उद्या घरून कापडी पिशवी आणा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लायब्ररीत जत्रा. मी स्कॅनर धरला होता, बाई हाताला येईल ते पुस्तक पोराच्या चेहऱ्याकडे बघून देत होत्या. "तू रडका, तुका ह्या हसवतला. तू घे ह्या जाडा, मधे सोडू नको हां." भूगोलही येऊन रांग लावत होते. आयांनी फाटकावर विचारलं, एवढी पुस्तकं कशी काय? पोरांनी सांगितलं, बाईंनी दिली. मोठ्या बाई एकदा दारापर्यंत आल्या, अर्धी रिकामी कपाटं बघितली, आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून बसल्या. त्यांना मी त्या दिवसापासून मानते. "बाई, कव्हरं?" मी विचारलं. "ऱ्हवांदे. आपल्याच घरात जातत." संध्याकाळपर्यंत खोलीत फक्त लोखंडी कपाटं आणि धूळ उरली.

टेम्पो आला तेव्हा देसाई सर घडीची खोकी घेऊन स्वतः हजर होते. "पुस्तकं कुठे आहेत?"

"वाचायला दिली. पुस्तकांचं आणखी काय करतात, सर?"

सरांनी टॅबलेट उघडला. यादी खाली सरकत गेली, प्रत्येक पुस्तकापुढे कोणा ना कोणा पोराचं नाव. ते लालबुंद झाले. "बाई, यातली निम्मी परत येणार नाहीत. सुट्टीनंतर बघू. तुमची लायब्ररीच उरली नसेल, तर हबला विरोध कसला करता?" टेम्पो रिकामा गेला. मी तर टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

सुट्टीत एकदा मी पेपर तपासायला शाळेत गेले, तर लायब्ररीचं दार उघडं. बाई रिकाम्या कपाटांमध्ये एकट्याच खुर्चीवर. रोज येतात, असं वॉचमनने सांगितलं. यजमान जाऊन वर्षं झाली, मुलगा दुबईला. फराळाचा डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, "बाई, काळजी नका करू. पुस्तकं येतील."

"पुस्तकां येतली गो." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "माका भ्या वाटता ता वेगळाच. पुस्तकां आता त्यांच्या घराक आसत. मग पोरां माझ्याकडे कित्याक येतली? माझ्याकडे दुसरा काय आसा?"

इतकी वर्षं या बाईंना मी कोणालाही न भिणाऱ्या समजत होते. डब्यातली एक चकली उचलली, आणि मनातून फार वाईट वाटलं.

खोली राहिली, हे सांगून टाकते. पुस्तकंही आली, फाटकी, तेलकट बोटांची, पण जवळजवळ सगळी आली, आणि हबचं नाव देसाई सरांनी पुन्हा काढलं नाही. पण मला आठवते ती शाळा उघडली त्या दिवशीची सकाळ. प्रार्थनेच्याही आधी सातवीतली एक मुलगी पिशवी घेऊन आली. तिने पुस्तकं टेबलावर ठेवली आणि कपाटांकडे बघितलं. सगळी रिकामी.

"बाई, दुसरं काही आहे?"

"नाही गं. अजून कोणीच आणलेलं नाही," बाई म्हणाल्या. "जा तू वर्गात."

"मग बसते ना इथेच," ती म्हणाली, आणि बाकावर दप्तर ठेवून खरंच बसली.

बाईंनी स्कॅनर माझ्या हातात कोंबला आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मी त्या मुलीची पुस्तकं एकेक करून जमा करून घेत होते. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून दबका आवाज आला, "सायन्स, ता पोर गेला काय गो?"

"नाही, बाई," मी म्हटलं. "बसलंय."