साहेबराव मिस्त्रीची फरशी-परीक्षा

साहेबराव मिस्त्री कुणाच्याही घरी गेला की पाणी मागतो, अर्धा ग्लास पितो आणि उरलेलं त्याच घरच्या फरशीवर ओततो. मग त्यावर अनवाणी पाय घासत म्हणतो, "आरसा लावला बे जमिनीले! आता हाडाचा डॉक्टरही पाहून ठेव." चिखलीत बरीच घरं त्याला आता पाणी विचारतच नाहीत, थेट चहा देतात. चहा तो ओतत नाही.

माणूस फरशी बसवणारा, पण गिऱ्हाईक रंग सांगायला लागलं की हा विचारतो, "घरातलं सगळ्यात जुनं मानूस कोनतं? त्याले आना." मग त्या म्हाताऱ्या जिवाला ऑटोत बसवून टाइल्सच्या दुकानात न्यायचं, नमुने जमिनीवर मांडायचे, पाणी शिंपडायचं आणि हात धरून चालवायचं. साहेबराव दिसला की दुकानदाराला शटर ओढावंसं वाटतं.

मी शाळामास्तर. आईला गावाहून आणायचं म्हणूनच आम्ही घर बांधायला काढलं. न्हाणीत घसरून पडली होती बिचारी. हाड जुळलं, पण भीती बसली ती बसलीच. भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकेना, घराबाहेर पडणं तर सोडूनच दिलं. एवढं असून आमचा नवरा-बायकोचा जीव अडकला कुठं, तर पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाइल्समध्ये! माझ्या मेहुणीनं मलकापूरच्या घरात तशाच लावल्या होत्या ना!

साहेबरावच्या हट्टापायी आईला गावाहून आणून दुकानात नेलं. पाणी शिंपडलेल्या त्या चकचकीत टाइल्सवर ती चार पावलं चालली आणि सुनेकडे पाहून म्हणाली, "हेच घ्या. मले चालते."

साहेबराव तिच्या पायांपाशी उकिडवा बसला. "सर, माय तोंडानं हो म्हनून राह्यली. पन पायाची बोटं पाहा! कशी जमीन पकडून राह्यली."

खरंच आवळलेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिला बाजूच्या करड्या, खरबरीत टाइल्सवर नेलं. तिथंही पाणी होतं, पण दोन पावलांतच बोटं सैल झाली आणि आईनं त्याचा हात सोडला.

"ही तं गोठ्यात शोभन!" बायको फणकारली.

"गोठ्यात गाय पडू नये म्हनून अशीच लावतेत, वैनी. सासूसाठी जरा जास्तच विचार करा."

बायको आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्यानं न्हाणीघराचा उंबराही काढला. म्हणे, "उंबरा देवघरात ठेवा. तिथं डोकं टेकवाले जाते मानूस, इथं फोडून घेते."

काम संपलं त्या दिवशी आई आपल्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत एकटी गेली आणि परत आली. भिंतीला हात नाही! माझे डोळे भरले. बायकोही हसली. आईनं कौतुकानं विचारलं, "बापू, तुह्या मायले कोनती लावून देल्ली रे?"

साहेबराव खाली पाहत थापी पुसायला लागला. मग म्हणाला, "मायले चकचकीतच लावून देल्ली होती. मिस्त्रीचं घर दिसलं पाह्यजे ना! तिथंच पडली. मंग सगळी फोडून अशी खरबरीत बसवली. म्हटलं, उठली का चालन. थे उठलीच नाई. इतके वर्सं झाले, त्या फरशीवर कोनी म्हातारं मानूस चाललं नाई अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई लुगडं बदलून दारात उभी. "मले त्याच्या घरी ने."

दोन गल्ल्या चालायला आम्हाला अर्धा तास लागला. साहेबराव दाढी करत होता, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावत आला. आईनं चपला काढल्या, माझा हात झटकला आणि त्याच्या घरात शिरली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. मधोमध थांबून म्हणाली, "चांगली हाये रे बापू. तुही माय खुशाल चालली असती हिच्यावर."

साहेबराव दाराच्या चौकटीला धरून ओक्साबोक्शी रडायला लागला.

"काऊन रडतं रे?" आई म्हणाली. "सरक बाजूले. मले सैपाकघरापावेतो जाऊ दे."