बरं, आंबलं, की गेलं

आमचे साडभाऊ मधुकरराव गजभिये यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी बाटली असे. दुसऱ्या कोणाच्या खिशात ती असती तर लोकांनी वेगळा अर्थ काढला असता. पण भाऊजी ती स्वतःच्या तोंडाला लावत नसत, दुसऱ्याच्या नाकाला लावत. नागरा गावातल्या एका लग्नात, पंगतीत, मी जिलबीचा पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच ती माझ्या नाकाखाली आली.

"सुंगा जी, गुरुजी. कसा वास येऊन राहिला?"

"गुळाचा," मी म्हणालो. मला वाटलं, पाक असेल.

"अना त्याच्या मागं?"

"मागं काय?"

"बकऱ्याची कलेजी हाये ना त्यात. सोमवारची."

मी जिलबी पानात परत ठेवली. त्या लग्नातली जिलबी फार छान झाली होती, असं सगळे अजून सांगतात.

माझी बायको सुनंदा. तिची थोरली बहीण शकुनताई, आणि भाऊजी हे ताईंचे यजमान. मी दवनीवाड्याच्या शाळेत मास्तर, म्हणून ते मला गुरुजी म्हणत आणि शिकलेला माणूस समजत. ही चूक आमच्या नात्यात फक्त त्यांनीच केली.

भाऊजी गोंदियातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. पोरांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला स्लाइडी करायच्या, हे काम. बकऱ्याच्या अवयवाचा तुकडा आणायचा, सडू नये म्हणून फॉर्मलिनमध्ये बुडवायचा, झायलीनमध्ये टाकून नितळ करायचा, मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा आणि रंगवायचा. "सैपाकच हाये," ताई म्हणत, "फक्त जेवाले कोणी बसत नाही." पण यातलं फॉर्मलिन आणि झायलीन म्हणजे विषच. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, डोकं गरगरतं. प्रयोगशाळेत पंखा एक, तोही भारनियमनाच्या मर्जीवर. खिडकी होती, पण तिची चौकट कधीच्या पावसात फुगून बसलेली. भाऊजींनी त्या वाफेत सगळी उमर काढली.

एकदा ताई शेजारी गेल्या होत्या आणि भाऊजी गॅसपाशी पेपर वाचत बसले होते. दूध उतू गेलं, आटलं, जळलं, पातेलं काळं ठिक्कर पडलं. ताई शेजारच्या घरातून वासावर धावत आल्या. "अवो, वास नाही आला का तुमाले?"

"कायचा?" भाऊजी म्हणाले.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिली. सूँघने की ताक़त चली गई, वापस नहीं आएगी, असं सांगितलं. भाऊजींनी नोकरीचा नाद सोडला नाही, वास परत येईल याचा सोडला. "माझं गेलं ते गेलं," ते मला म्हणाले. "पण उद्या माझ्या टेबलावर जो बसंल, त्याचं नाक काऊन जावं?"

तिथून त्यांच्या डोक्यात हे भूत शिरलं. फॉर्मलिनच्या जागी गुळाचं पाणी. झायलीनच्या जागी खोबरेल तेल. रंगाला पळसाची फुलं. गुळात आंबा टिकतो तर कलेजी का नाही, हा त्यांचा सवाल. मी शिकलेला माणूस असल्याने मला उत्तर येत नव्हतं.

सगळ्या खटाटोपात एकच मेख होती. गुळातला तुकडा टिकला की सडला हे आधी कळतं वासावरून, आणि वास तर भाऊजींना येत नव्हता! म्हणून ती खिशातली बाटली. ते रोज संध्याकाळी ती घरी आणत, ताई फोडणी घालता घालता हुंगत आणि निकाल देत. निकाल तीनच होते. बरं, आंबलं, गेलं. चौथं काही बोललेलं भाऊजींना चालत नसे. पंगतीत मी "ईऽऽ" म्हणालो, तर म्हणाले, "ईऽऽ म्हणजे काय जी? आंबलं का गेलं?"

प्रयोग बहुतेक गेलेच. गुळाच्या बरण्यांना मुंग्या लागल्या, आणि त्यांची रांग प्रयोगशाळेपासून थेट प्राचार्यांच्या टेबलापर्यंत गेली. "गजभिये, ये लॅब है या हलवाई की दुकान?" प्राचार्यांनी विचारलं. खोबरेल तेल भाऊजींनी ताईंच्या वेणीच्या बाटलीतूनच नेलं होतं. उन्हाळ्यात त्यात तुकडा असा नितळ झाला की भाऊजी गल्लीत पेढे वाटायला निघाले. मग डिसेंबर आला. आमच्याकडच्या थंडीत तेल गोठलं, तुकडे पांढऱ्या ढेपीत रुतून बसले. मग भाऊजी त्या बाटल्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरून अंगणात उन्हात बसू लागले. "कोंबडीवानी बसून राहिले," ताई म्हणत. "पिल्लं निघाली का मले सांगजा."

घरातही रसायनांना बंदी झाली. कपड्यांच्या पेटीतल्या डांबरगोळ्या उकिरड्यावर गेल्या, तिथे कडुलिंबाचा पाला आला. कसरीने तो पाला वाळायच्या आत सुनंदाने दिलेली साडी खाल्ली. तेव्हापासून भाऊजींची सून, तिरोड्याची, चुपचाप गोळ्या ठेवू लागली. सासऱ्याला वास येत नसल्यामुळे घरात शांतता होती.

एकदा मी घाईत होतो. बाटली नाकाशी आली, मी श्वास रोखून "बरं" म्हणालो आणि निघालो. भाऊजींनी त्या तुकड्यावर पुढचे सगळे सोपस्कार केले. काचेवर नुसता चिखल आला. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "खोटं बोललेलं काचेवर दिसते, गुरुजी."

आणि एके दिवशी जमलं. पाक किती घट्ट, दिवस किती, मुंग्यांचा बंदोबस्त, सगळं जुळून आलं. ताईंनी सलग आठवडाभर "बरं हाये" म्हटलं. स्लाइड पाहायला भाऊजींनी मला खास बोलावलं. मी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि त्या काळ्या वाकड्या रेषेचं मनापासून कौतुक केलं. ती माझी पापणी होती. पण विभागाच्या सरांनीही पाहिलं आणि म्हणाले, "अच्छी है गजभियेजी, खरंच चांगली आहे. पण परीक्षेला बाहेरचे लोक येतात. पुस्तकात फॉर्मलिन आहे. मी त्यांना गूळ कसा सांगू?"

ते सर काही वाईट नव्हते, आणि कोणाला काही चुकीचंही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात फॉर्मलिनचे कॅन आले.

भाऊजी निवृत्त झाले. निरोपाला शाल आणि नारळ मिळाला. "तेल निघंल यात," ते म्हणाले. त्यांच्या टेबलावर कंत्राटावर एक पोरगी आली. भाऊजी एकदा तिला भेटून आले. मग म्हणाले, "तोंडाले दुपट्टा बांधून काम करते. मी म्हटलं, खिडकी उघड बेटा. म्हणे, उघडत नाही."

त्याच वर्षी पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन ताई गेल्या. खिशातली बाटली त्या दिवसापासून दिसली नाही. माझं नाक मोकळं झालं. असं मोकळं नको होतं.

काही महिन्यांनी एका इतवारी दुपारी त्यांनी मला एकट्यालाच बोलावलं. सून माहेरी, पोरगा कामावर. भाऊजींनी पेटी उघडली आणि तळातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तोंड सुतळीनं करकचून बांधलेलं, जशी ते बरण्यांची झाकणं बांधत. आत ताईंची साडी होती, शेवटची नेसलेली, न धुतलेली.

"सुनंदाले बोलवणार होतो," ते म्हणाले. "पण ते रडंल. रडल्यावर नाक कामाचं राहात नाही."

त्यांनी सुतळी सोडली आणि पिशवी माझ्या नाकाखाली धरली.

"सुंगा जी."

या खेपेला मी श्वास रोखला नाही. अगदी आतपर्यंत घेतला. खोबरेल शोधलं, फोडणी शोधली. घडीत दोन पांढऱ्या डांबरगोळ्या होत्या, साडी पेटीत जाताना सुनेनं चुपचाप घातलेल्या, आणि साडीला गोळ्यांचाच वास होता. दुसरा कोणताच नव्हता.

भाऊजी माझ्या तोंडाकडे पाहत होते. "बरं, आंबलं, का गेलं?"

"बरं हाये," मी म्हणालो.

"खोबरेलाचा?"

"हो जी."

ते पाहतच राहिले. मला वाटलं, आता काचेची आठवण करून देतील. त्यांनी ती करून दिली नाही. पिशवीतली हवा हलक्या हातानं दाबून काढली, सुतळीचा फेरा घेतला, गाठ मारली.

"मंग पुढच्या इतवारी या," ते म्हणाले. "पाहत राहा लागते."