पायलीभर इतिहास

कार्यक्रम असा करू की पोरं जन्मभर विसरणार नाहीत, असं प्रफुल रामटेके सरांनी मुख्याध्यापिका सरिता मॅडमना छातीठोकपणे सांगितलं होतं. ते अक्षरशः खरं ठरलं, हीच तर पंचाईत आहे.

कुरखेड्याजवळची ही टोली, म्हणजे छोटी वस्ती, सरांच्या आजोबांनी बसवली. श्रावण रामटेके खांद्यावर कुऱ्हाड आणि डोक्यावर बोचकं घेऊन इथे आले, झाडझुडूप साफ करून, बांध घालून त्यांनी धानाच्या शेताची पहिली बांधी काढली आणि धान पेरलं. शाळेत 'आपलं गाव' कार्यक्रम ठरला, तेव्हा सर म्हणाले, "भाषणं नकोत. पोरांना इतिहास जगायला लावू." आता सर स्वतः गडचिरोलीत फ्लॅटमध्ये जगत होते, पण उत्साहाला कोण अडवणार?

त्यांनी कुऱ्हाड जमवली, कांबळं जमवलं, उखळ-मुसळ जमवलं. तीन दगडांची चूल मांडली. कमी होतं ते एकच, जुन्या काळचं धान. तेही सरांना लहानपणापासून माहीत होतं. गावातल्या घरी, आत्याच्या स्वयंपाकघरात, आढ्याला एक पोटली टांगलेली असायची. धुरानं काळी झालेली. आजोबांची आठवण म्हणून आत्यानं जपलीय, असं सरांनी कधीतरी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

ही आत्या म्हणजे ठमाबाई, श्रावणची धाकटी लेक, वय ऐंशीच्या पुढे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती पंधरा दिवस लेकीकडे होती आणि कार्यक्रमाच्या दिवशीच प्रमुख पाहुणी म्हणून परतणार होती. विचारायचं कोणाला? घरचंच तर आहे. सर स्टुलावर चढले आणि पोटली सोडली. चांगलं पायलीभर धान निघालं.

कार्यक्रमाच्या सकाळी चाळीस पोरं डोक्याला फडकी बांधून उखळाभोवती जमली. रंजीता नावाची सहावीतली मुलगी मूठभर धान हातात घेऊन बघत राहिली.

"सर, हे तं बिजाई दिसून राह्यली. आमची माय पुढच्या साली पेराले अशीच बांधून ठेवते."

"बिजाई नाही बाळा, इतिहास आहे. मुसळ मार."

"पन सर, बिजाई कांडत नाई."

"रंजीता, इतिहासात मधेमधे बोलायचं नसतं."

मुसळं धडाधड पडू लागली. एकाचं मुसळ दुसऱ्याच्या अंगठ्यावर पडलं, उखळ दोनदा कलंडलं, अर्धा कोंडा सरिता मॅडमच्या नव्या साडीवर गेला. तरी तांदूळ निघाला, चुलीवर चढला, आणि असा वास सुटला की शेजारच्या अंगणवाडीतली पोरं रांगेत ताटल्या घेऊन उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "सर, मानलं तुम्हाला." सर मान तिरकी करून हसले. त्या दिवशीचं त्यांचं ते शेवटचं हसू.

काळा चष्मा लावलेली ठमाबाई फाटकातून आत आली आणि थबकली. नाक वर करून वास घेतला. तिचा चेहरा असा उजळला की सरांना वाटलं, जिंकलो.

"प्रफुल, कोनाकडं निंगालं रे हे धान?" तिनं सरांचं मनगट धरलं. "मले वाटे आता आपल्याच घरी उरलं हाय. जो तो सरकारी बिजाई पेरते. आबानं सांगतलं होतं, पोट मारजो, पन हे बी मोडू नको. दुष्काळात आमी कंदमुळं खाल्ली, पोटलीले हात नाई लावला. दरसाल कोपऱ्यातल्या बांधीत पेरतो, तवा कुठी टिकलं. मी मेल्यावर कसं होईन, हाच घोर होता. कोनं ठेवलं, सांग ना."

सरांच्या तोंडात भाताचा घास होता. तो आत जाईना आणि बाहेरही येईना.

"आजी," रंजीता हळूच म्हणाली, "तुमच्याच आड्याची पोटली होय."

ठमाबाई खाली बसली. ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं. तिनं एवढंच विचारलं, "समदी?"

"समदी, आत्या," सर म्हणाले. नोकरी लागल्यापासून सुटलेली गावची बोली त्यांच्या तोंडी आपोआप आली. "चुकलो मी. तुले विचाराले पायजे होतं."

मग कोंड्याचा ढीग मैदानात ओतला गेला. चाळीस पोरं, मॅडम आणि सर उन्हात गुडघे टेकून कांडायचे राहिलेले अख्खे दाणे शोधू लागले. कोंबड्यांना हाकलायला दोघांची नेमणूक झाली. ठमाबाईनं सूप हातात घेतलं आणि डॉक्टरांनी बजावलेलं असूनही चष्मा काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत तेवीस दाणे सापडले. तिनं ते पदराच्या टोकात बांधले, गाठ दोनदा ओढून बघितली आणि सरांकडे न बघता म्हणाली, "मिरगाले गावी येजो. बांधीतला चिखल तूच करशीन."

सर आता कुंडीभर मातीसाठीसुद्धा आत्याची परवानगी घेतात. पण उशीर झाला तो झालाच. ते तेवीस दाणे उगवतील की नाही, या विचारानं त्यांची झोप उडालीय.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेत निबंध आला, 'आपल्या गावाचा इतिहास'. एका पोरानं लिहिलं होतं, "आमच्या गावाचा इतिहास फार चवदार होता. आम्ही तो सगळा खाल्ला."

सरांनी लाल पेन उचललं, बराच वेळ हातात धरलं आणि पैकीच्या पैकी गुण दिले.